केडगावच्या पंडिता रमाबाई



आपल्या भित्तिपत्रकात या वेळी 'थोरांची ओळख' हे सदर लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. मागच्या अंकांत आपण महात्मा फुले, सावित्रीबाई, कर्मवीर भाऊराव यांची चरित्रे वाचली. मी पंडिता रमाबाईंची गोष्ट निवडली. का निवडली ते पुढे वाचताना तुमच्या लक्षात येईलच. बाईंनी शाळेच्या कपाटातली दोन पुस्तके मला काढून दिली. ती वाचून, समजून घेऊन मी हे माझ्या शब्दांत लिहिले आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान होते. त्या काळी बायकांनी शिकायचे नाही, त्यातून संस्कृत तर मुळीच शिकायचे नाही, असा लोकांचा दंडक होता. पण अनंतशास्त्र्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. झाले! नातेवाईक आणि गावकरी चिडले. तेव्हा शास्त्रीबुवांनी गाव सोडले आणि आजच्या कर्नाटकात गंगामूळ नावाच्या डोंगरात, ऐन जंगलात आश्रम बांधला. तिथेच रमाबाई जन्मल्या. पुढे पैसा संपला आणि सगळे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तेव्हा रमा जेमतेम सहा महिन्यांची होती. एका माणसाने तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोक्यावरून डोंगराखाली आणले. त्या दिवसापासून त्यांची जी पायपीट सुरू झाली, ती पुढची वीस वर्षे थांबली नाही.

त्यांना ना घर होते, ना शाळा. गावोगाव फिरायचे, देवळात उतरायचे, पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर गुजराण करायची. वडील थकले होते, त्यामुळे रमेला आईनेच शिकवले. भल्या पहाटे, बाकीची कामे सुरू होण्याआधी, आई तिला जवळ घेऊन श्लोक म्हणून घ्यायची. असे करता करता भागवताचे हजारो श्लोक तिला तोंडपाठ झाले. आपल्याला पाढे पाठ करताना नाकी नऊ येतात. तिने तर सगळे रस्त्याने चालता चालता पाठ केले!

मग दुष्काळ पडला. १८७४ पासूनची ती वर्षे दक्षिणेत फार वाईट गेली. अन्न मिळेना. जंगलातला पाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. आधी वडील गेले, मग थोड्याच दिवसांत आई गेली, आणि पुढे मोठी बहीणही गेली. आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कसेबसे दोघे जण आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमा. रमा उंचीने लहान, तिचा खांदा पोचेना. मग तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला आणि तशीच ती स्मशानापर्यंत चालत गेली. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

ही गोष्ट मी रात्री आजीला वाचून दाखवली. आजीने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. ती तेव्हा आमच्याएवढीच होती. तिने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, आणि तिथे मिळणारी सुकडी ओच्यात बांधून धाकट्या भावंडांसाठी घरी आणली. आजी म्हणाली की भूक ज्याने बघितली, त्याला दुसऱ्याचे पोट लगेच दिसते. रमाबाईंच्या पुढच्या आयुष्याचा अर्थ मला आजीच्या या बोलण्यातून जास्त कळला.

बहीणभाऊ दोघेच उरले. ती दोघे पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलम नदीच्या काठी कडाक्याची थंडी होती आणि अंगावर पुरेसे पांघरूण नव्हते. तेव्हा त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यात आडवे होऊन अंगावर वाळू ओढून घेतली आणि फक्त डोके बाहेर ठेवून रात्र काढली. असे करत १८७८ साली ती दोघे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते, हे ऐकून तिथले विद्वान चकित झाले. त्यांनी तिला प्रश्न विचारले, परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. तेव्हापासून त्यांना सगळे पंडिता रमाबाई म्हणू लागले.

पण सुख काही फार दिवस टिकले नाही. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केले. ते दुसऱ्या जातीचे आणि दुसऱ्या भाषेचे होते. तेव्हा असे लग्न म्हणजे केवढे धाडस! १८८१ मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीत बिपिनबाबू गेले. रमाबाई तेविसाव्या वर्षी विधवा झाल्या. मांडीवर तान्ही मुलगी आणि पाठीशी माहेरचे कोणी नाही.

त्या काळी विधवा बाईचे काय हाल होत, हे आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटणार नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न लावत. नवरा वारला की तिचेच पाप म्हणत. तिचे केस काढत, तिला एकवेळ जेवायला देत, घरातले कष्टाचे काम तिच्याकडे आणि शुभकार्यात मात्र तिने समोर यायचे नाही. तिला लिहायला येत नसे, हाताला हुन्नर नसे. मग ती जाणार तरी कुठे?

रमाबाई १८८२ सालीच पुण्यास आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे याही तिथल्या सभांना जात. त्याच वर्षी सरकारचे शिक्षणाविषयीचे हंटर कमिशन आले. त्याच्यापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला बाई शिक्षिका तयार करा आणि बायकांना तपासायला बाई डॉक्टर तयार करा, अशी त्यांनी मागणी केली. आज आपल्या शाळेत बाई आहेत आणि आरोग्य केंद्रात डॉक्टरीणबाई आहेत, याचे आपल्याला काहीच वाटत नाही. पण ही मागणी कुणीतरी पहिल्यांदा उभे राहून करावी लागते.

डॉक्टर व्हावे असे रमाबाईंच्या मनात होते. म्हणून 'स्त्रीधर्मनीति' हे आपले मराठी पुस्तक विकून आलेल्या पैशांतून तिकीट काढून १८८३ साली त्या छोट्या मनोरमेला घेऊन विलायतेला गेल्या. पण त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते, त्यामुळे डॉक्टरीचे शिक्षण राहून गेले. इंग्लंडात वाँटेज गावी ख्रिस्ती जोगिणींचा एक मठ होता. रमाबाई तिथे उतरल्या होत्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधले आपले एक काम दाखवले. ज्या बायकांना समाजाने वाईट ठरवून टाकून दिले होते, अशा बायकांना त्या जवळ करीत होत्या. त्यांची शुश्रूषा करीत, त्यांना कामाला लावून पुन्हा उभे करीत. रमाबाईंनी असे कधी पाहिलेच नव्हते. ह्या असे का करतात, हा प्रश्न त्यांना पडला. तेव्हा त्यांना येशू ख्रिस्त आणि शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर पाणी भरायला आलेली ती बाई परक्या जमातीची आणि लोकांच्या नजरेतून उतरलेली होती. तरी येशूने तिच्याकडे पाणी मागितले आणि तिच्याशी मानाने बोलला. ही गोष्ट रमाबाईंच्या काळजाला भिडली. १८८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. धर्म बदलला म्हणून त्यांनी आपले सगळे टाकून दिले नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. साडी सोडली नाही. संस्कृत आणि मराठीवरचे प्रेम सोडले नाही. मठातल्या वडील मंडळींनी अमुक माना म्हटले, तरी मनाला पटल्याशिवाय त्या मानत नसत, प्रश्न विचारत. लहानपणी ज्या मुलीने एवढी शास्त्रे पाठ केली होती, ती डोळे मिटून कशी काय मान डोलावणार? चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले आणि स्वतः इंग्रजी, गणित, शास्त्र शिकल्या.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्याच होत्या. थोडे दिवस म्हणून गेलेल्या रमाबाई तिथे दोन वर्षांहून जास्त राहिल्या. शहराशहरांतून हिंडून त्यांनी भाषणे दिली. हिंदुस्थानातल्या विधवांचे दुःख सांगणारे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये लिहिले. लहान मुलांना खेळातून कसे शिकवायचे ती बालवाडीची पद्धतही त्या तिथे शिकल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरात रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्या लोकांनी विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसे देण्याचे कबूल केले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास आले. सुरुवात अगदी दोन-चार मुलींनी झाली. त्या सुरुवातीच्या मुलींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. ती शिकली, शहाणी झाली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. याच त्या बाया कर्वे. पुढे अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, आणि या सगळ्या कामात बाया त्यांच्या बरोबरीने राबल्या. कर्वे काही ख्रिस्ती नव्हते, बायाही झाल्या नाहीत. पण रमाबाईंच्या घरात लागलेला दिवा त्यांच्या घरी गेला, तिथून कितीतरी घरांत गेला. चांगल्या माणसाचा गुण असाच लागत जातो. त्याला जातपात, धर्म आडवे येत नाहीत.

आता जे घडले तेही सांगितले पाहिजे. शारदा सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्या त्या मुलीने आपापले सोवळे-ओवळे पाळावे, असे ठरले होते. पण रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत तेव्हा दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन तिथे जाऊन बसू लागल्या. पुण्यात याचा मोठा गवगवा झाला. 'केसरी'त कडक टीका आली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मदत करणाऱ्या मोठ्या माणसांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. आम्ही यावर वर्गात चर्चा केली. काही मुलांचे म्हणणे पडले की ठरले होते तर दार लावायला हवे होते. काहींचे म्हणणे, आपल्या खोलीत आपण प्रार्थना करायला चोरी कसली? बाईंनी सांगितले की दोन्ही बाजूंची माणसे मोठी होती आणि दोघांनाही विधवा मुलींचे भलेच हवे होते. मला वाटते, रमाबाईंचे मोठेपण असे की एवढे सगळे विरुद्ध गेले तरी त्यांनी शाळेला कुलूप लावले नाही. उरलेल्या मुली घेऊन त्या शिकवत राहिल्या.

अमेरिकेची मदत दहा वर्षांचीच होती. नेहमी लोकांपुढे हात पसरायचा नाही, म्हणून त्यांनी केडगावला शेतजमीन घेतली आणि फळझाडे लावली. केडगाव म्हणजे पुणे-दौंड रेल्वेच्या रस्त्यावरचे आपले केडगाव. आमची आत्या तिथेच दिली होती. तेव्हा तिथे माळरान होते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना आपली आई आठवली, वडील आठवले. त्या स्वतः उठून तिकडे गेल्या. दुष्काळाच्या छावण्यांत फिरून, हाडांचे सापळे झालेल्या निराधार मुलींना गोळा करून त्यांनी आगगाडीने आणले. तशा सुमारे तीनशे मुली झाल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग आला आणि शहरात एवढ्या मुली ठेवता येईनात. मग केडगावच्या शेतावर राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदनाची सुरुवात ही अशी झाली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडच्याही मुली आल्या. केडगावात दीड हजारांच्या वर बायका-मुली झाल्या. आपल्या शाळेचा पट आहे ब्याण्णव. तेवढ्या सोळा-सतरा शाळा एका माळावर! त्यांना जेवू घालायचे, औषध द्यायचे, शिकवायचे. विचार करूनच घाबरायला होते.

रमाबाईंनी मुलींना नुसते पोसले नाही. सकाळी शाळा आणि बाकी वेळ काम. विणकाम, शिवण, शेती, गाईगुरे, तेलाचा घाणा, छापखाना अशी कितीतरी खाती होती आणि ती बायकाच चालवत. अंध मुलींसाठी वेगळे घर होते, म्हाताऱ्या आणि आजारी बायकांसाठी वेगळे. लोकांनी वाईट चालीच्या म्हणून हाकललेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' होते. वाँटेजच्या भगिनींकडून जे पाहिले होते, ते त्यांनी केडगावच्या मातीत आणून लावले.

रमाबाई रोज पहाटे उठून प्रार्थना करीत. आपण हे सगळे देवाच्या भरवशावर चालवतो, असे त्या मानत. पण देवावर भरवसा टाकून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. साधी पांढरी साडी नेसून त्या सगळीकडे फिरत, स्वतः हिशेब बघत, आजारी मुलीच्या उशाशी बसत. पोरींना त्यांची श्रद्धा उपदेशातून कळली त्यापेक्षा रोजच्या वागण्यातून जास्त कळली असणार, असे मला वाटते. आपल्यालाही घरात मोठी माणसे सांगतात ते कमी आठवते, ती करतात ते पक्के राहते.

शेवटची वर्षे त्यांनी आणखी एका मोठ्या कामाला दिली. बायबलचे आधीचे मराठी भाषांतर साध्या खेडवळ बाईला जड जाते, असे त्यांना वाटे. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत सबंध बायबल आणायला घेतले. कान जवळजवळ गेले होते, तरी काम चालूच. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी खिळे जुळवले गेले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. मनोरमा शिकून आईच्या हाताशी आली होती, शारदा सदन सांभाळत होती. पण २४ जुलै १९२१ रोजी तीही गेली. आईवडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक लेक! तरी रमाबाईंनी भाषांतराचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते बायबल १९२४ मध्ये संपूर्ण छापून झाले. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही सुरू आहे.

आता मी हे चरित्र का निवडले ते सांगते. वर ज्या आत्याचे नाव घेतले, ती तीन वर्षांपूर्वी विधवा झाली आणि लहान मुलाला घेऊन आमच्याकडे आली. तो मुलगा आपल्याच शाळेत पहिलीत आहे. आत्या शिवणाचे काम करते. पंधरा ऑगस्टला ज्या मुलींचे झगे तुम्ही चांगले म्हणालात, ते तिने शिवले होते. आता कोणी तिचे केस काढत नाही, तिला उपाशी ठेवत नाही. काळ बदलला, हे खरेच. पण संक्रांतीचे हळदीकुंकू निघाले की गल्लीतल्या बाया आमच्या दारावरून पुढे जातात आणि आत्या आत स्वयंपाकघरात भांडी घासत बसते. भांडी सकाळीच घासून झालेली असतात.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की आमच्या गावात विधवा प्रथा बंद. नवरा गेला म्हणून बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसे करायला सांगितले. रमाबाईंना जाऊन तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. एवढ्याशा गोष्टीला शंभर वर्षे लागली, आणि तरी ती अजून सगळीकडे पोचली नाही.

येत्या जानेवारीत आपल्या शाळेत माता-पालकांचे हळदीकुंकू आहे. भित्तिपत्रक वाचायला आलेल्या सगळ्या आयांना माझी एक विनंती आहे. त्या दिवशी बोलावताना 'सवाष्णी' असे न म्हणता 'सगळ्या आया' असे म्हणा. आणि येताना शेजारच्या घरी हाक मारा. जी बाई येणार नाही असे तुम्हाला वाटते, तिलाच आधी हाक मारा. ती पहिल्यांदा नको म्हणेल. आत्याही म्हणेल. तरी थोडा वेळ दारात थांबा. मुख्याध्यापक गुरुजींना आम्ही मुलींनी विचारले आहे, त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. तिळगूळ आम्ही सातवीच्या मुली सगळ्यांना एकसारखा देणार आहोत.

रमाबाई ख्रिस्ती होत्या, मी नाही. आमच्या वर्गात निरनिराळ्या धर्मांची आणि जातींची मुले आहेत. पण टाकून दिलेल्या बाईशी मानाने बोलावे, ही जी गोष्ट त्यांना त्यांच्या धर्मात सापडली आणि जिच्यासाठी त्यांनी सारे आयुष्य घातले, ती कुठल्याही घरात शोभेल. पंडिता रमाबाईंना माझे विनम्र अभिवादन.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी